हाडीमाशी खिळलेला

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा कण आहे. इतका बारीक, की तुमच्या वर्गातल्या सगळ्यात चौकस मुलानं भिंग घेऊन शोधलं तरी मी सापडायचा नाही. सध्या माझा मुक्काम एका दुधाच्या दातात आहे. तो दात मलमाच्या रिकाम्या डबीत, कापसावर ठेवलाय आणि ती डबी कपाटाच्या वरच्या फळीवर, शिवणाच्या दोऱ्यांशेजारी आहे. दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा फळीवर इतकी सामसूम असते की मी आपला माझ्याशीच बोलत बसतो. आज तुम्ही ऐकायला आहात, म्हणून मनातलं सगळं सांगून टाकतो. बोलायची सवय गेलीय, त्यामुळे जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आधीच कबूल करतो, मी काही गुणी नाही. छत्री, फळा, खुर्ची यांनी आपलं आयुष्य सांगितलेलं तुम्ही वाचलं असेल. त्यांनी कुणाची ना कुणाची सेवा केलेली असते. मी मात्र ज्या दोघींच्या अंगात राहिलो, त्या दोघींना माझ्यापासून तापच झाला. मी जड आहे तो वजनानं. मनानं तसा हळवा आहे, पण हे सांगणार कुणाला?

जमिनीखालचं बालपण मला फारसं आठवत नाही. आठवते ती भट्टी. वितळलेल्या शिशात थोडं कथील आणि आणखी एक कडक धातू घालून आम्हाला साच्यात ओतलं आणि निवाल्यावर मी एका खिळ्याचा भाग झालो. भिंतीत ठोकायचा खिळा नव्हे हं. पूर्वी छापखान्यात अक्षरं जुळवायला शिशाचे छोटे छोटे ठोकळे असत, त्यांना खिळे म्हणत. त्यांच्या टोकावर अक्षर उलटं असे, आरशात दिसतं तसं. म्हणजे मग शाई लावून कागदावर दाबलं की ते सुलटं उमटतं. माझ्या वाट्याला आलेलं अक्षर होतं 'ढ'. हसलात ना? सगळेच हसतात.

छापखान्यात उंच खिडक्यांखाली लाकडी तबकं उतरती मांडलेली असत. प्रत्येक तबकात लहान लहान खण आणि प्रत्येक खणात एकेका अक्षराचे खिळे. 'क', 'र' आणि 'त' यांना दिवसभर उसंत नसे. आमच्या खणाकडे मात्र आठवड्यातून एखाद्या वेळी बोटं वळायची. ढेकूण, ढोंग, ढिगारा... कोण रोज रोज लिहितंय? खणात वर धूळ बसायची आणि आम्ही एकमेकांना टेकून पडून राहायचो. एकटेपणाची सवय मला तिथूनच लागली.

त्या तबकांपुढे उभी राहून खिळे जुळवणारी एक बाई होती. वीस वर्षांची असताना ती कामाला लागली. तिची बोटं इतकी चपळ की खणात चिमूट गेली कधी आणि खिळा उचलून आली कधी ते कळत नसे, म्हणून सगळे तिला चिमटी म्हणत. काम शिकवलं ते फोरमनकाकांनी. काका त्या छापखान्यात पस्तीस वर्षं होते आणि जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांना खिळ्यांच्या भाषेत कळत. उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचायला त्यांनी तिला शिकवलं. वर्षभरात तिचे डोळे असे तयार झाले की उलटं काय नि सुलटं काय, तिला दोन्ही सारखंच. छपाई झाली की सगळे खिळे सोडवून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे असत. घाईत एखादा भलत्याच खणात पडे. वजन तेच, उंची तीच, हाताला फरक कळायचा नाही. पुढच्या वेळी तो 'घ'च्या जागी जाऊन बसायचा आणि अख्ख्या पानाची शोभा करायचा. अशा खिळ्याला काका 'चुकार' म्हणत. हा शब्द लक्षात ठेवा, मित्रांनो. माझी पुढची सगळी गोष्ट या एका शब्दात आहे.

काकांचा दुधावर फार विश्वास. शिशाचं काम अंगाला बाधतं हे त्यांना ठाऊक होतं. ते स्वतः काम शिकत होते तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं की रोज पेलाभर दूध पोटात गेलं की शिसं धुऊन निघतं. झालं. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला काका किटली घेऊन यायचे, सगळ्यांना हातातलं काम ठेवायला लावायचे आणि शेवटचा माणूस पेला रिकामा करेपर्यंत समोरून हलायचे नाहीत. चिमटी तोंड वाकडं करायची, तर काका म्हणायचे की लग्न होऊन सासरी गेलीस की माझं नाव काढशील. ती म्हणायची, काढीन, किटलीवर कोरून ठेवीन. मग सगळे हसायचे. नळ मागच्या बाजूला, कागदाच्या गठ्ठ्यांपलीकडे होता. दुधासाठी एवढा वळसा घालून हात धुवायला जाणार कोण? त्यामुळे पेल्यांवर सगळ्यांच्या बोटांचे काळे ठसे उठलेले असत. ते ठसे म्हणजे मी आणि माझी भावंडं होतो. काकांच्या हे ध्यानातच आलं नाही. त्यांनी प्रेमानं दूध पाजलं आणि त्या दुधाबरोबर आम्हालाही पाजलं.

माझी पाळी आली ती तिच्या कामाच्या दुसऱ्या वर्षी. ढगांवरच्या एका पुस्तकाचं काम आलं होतं. पानोपानी ढग! आमच्या खणात पहिल्यांदाच बोटांची गर्दी उडाली. तो महिनाभर माझा रुबाब काही विचारू नका. 'ढ' काय सुरेख उमटलाय, असं काका भिंगातून बघून म्हणाले, ते मी आजही विसरलो नाही. आयुष्यात माझं एवढं एकच कौतुक झालं. पण पुन्हा पुन्हा वापरून खिळा झिजला आणि त्याच्या कडेचा मी सुटून चिमटीच्या बोटाला चिकटलो. तेवढ्यात दहा वाजले. त्या दिवशी ती घरून काहीच न खाता निघाली होती. दूध पिऊन झाल्यावर तिनं त्याच बोटानं ओठ पुसले आणि मी आत गेलो.

आता आतली हकीकत सांगतो. मोठ्या माणसाच्या पोटात आमच्यासारखे दहा शिरले तर साधारण नऊ जसेच्या तसे बाहेर पडतात. लहान मुलांचं तसं नसतं. त्यांचं वाढतं अंग जे मिळेल ते ओढून घेतं, त्यामुळे दहातले पाचही आत राहतात. चिमटी मोठी होती, पण पोट रिकामं होतं आणि रिकाम्या पोटात आमचं फावतं. पोटातल्या आंबटपणानं मला विरघळवलं. पुढे आतड्याला कॅल्शियम आत घेण्याच्या वाटा असतात. कॅल्शियम म्हणजे हाडांचा चुना. त्या वाटांवर चेहरा पाहिला जात नाही, आकार आणि भार चाचपतात. माझा आकार जवळपास तसाच. मला कुणी हटकलं नाही.

तिथून मी रक्तात आलो. एका तांबड्या पेशीला घट्ट धरून मी सगळं अंग फिरलो. खोटं सांगत नाही, मला ते आवडलं. इतकी ऊब आणि इतकी वर्दळ मी खणात कधी अनुभवली नव्हती. यकृतात थांबलो, तिथून काही सोबती पित्ताबरोबर खाली गेले. मूत्रपिंडं जाता जाता काहींना गाळून बाहेर टाकत होती. मेंदूच्या वेशीवर पहारा कडक होता, तरी एखाद-दुसरा कॅल्शियमचं सोंग घेऊन आत शिरायचाच. आम्ही जिथे जाऊ तिथे कुणाच्या तरी जागेवर बसत होतो. नवं रक्त तयार होतं त्या कारखान्यात आमच्यातले काही लोखंडाच्या कामात आडवे आले आणि चिमटी फिकट पडली. पोटात कळा येऊ लागल्या, बारीकसारीक गोष्टींवरून ती चिडू लागली. काका म्हणाले, दुधात साय जास्त घालून देतो.

महिन्या-दीड महिन्यानं माझी फेरी संपली. फिरता फिरता मी तिच्या मांडीच्या हाडाशी पोचलो. हाड सतत थोडं मोडत असतं, थोडं बांधत असतं. त्या बांधकामात एक जागा रिकामी होती, कॅल्शियमची. हाडानं मला उचललं आणि तिथे बसवून टाकलं. छापखान्यात घाईत खिळा भलत्या खणात पडतो ना, अगदी तस्सं. मी चुकार झालो. लोक म्हणतात, अमुक गोष्ट माझ्या हाडीमाशी खिळलीय. माझ्याइतकं ते शब्दशः कुणाच्या बाबतीत खरं ठरलं असेल असं वाटत नाही.

तिथे मी बारा वर्षं होतो. भोवती सगळे कॅल्शियमचे, एकमेकांच्या नात्यागोत्यातले, ओळीनं बसलेले. माझ्याशी कुणी भांडलं नाही आणि बोललंही नाही. तिची चालण्याची लय मला खालून कळायची. आनंदात असली की पाऊल हलकं पडायचं, दमली की टाच घासत चालायची. बाहेरचं बोलणं हाडापर्यंत ऐकू यायचं, दिसायचं मात्र काहीच नाही. मला तिची फार माया लागली, पण ती सांगावी कशी? माझं असणं म्हणजेच तिचं दुखणं होतं. नवे सोबती अधूनमधून येत, तेही कुठेतरी दूरच्या कोपऱ्यात अडकून पडत.

तिच्या कामाच्या आठव्या वर्षी एक गोष्ट घडली. एका सकाळी फोरमनकाकांनी खिळा उचलायला हात पुढे केला आणि मनगट लुळं पडून खाली लोंबलं. दुसऱ्या हातानं उचलून धरलं तर राहायचं, सोडलं की पुन्हा खाली. पस्तीस वर्षांहून जास्त काळ साठलेल्या आमच्या भाऊबंदांनी त्यांच्या नसा निकामी केल्या होत्या. काका घरी बसले. चिमटी त्यांना भेटायला गेली, तेव्हा काकू त्यांना चमच्यानं दूध पाजत होत्या. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि अगदी अपराधी आवाजात म्हणाले, "दूध कमी पडलं गं. तुम्हाला सगळ्यांना पुरावं म्हणून मी माझा पेला मधे मधे चुकवायचो."

त्या दिवशी घरी जाताना तिची टाच रस्ताभर घासत होती. सहा महिन्यांनी काका गेले. त्यानंतर दूध समोर आलं की तिला काकूंच्या हातातला चमचा आठवायचा. तिनं दूध सोडलं ते सोडलंच.

वर्षभरात छापखानाही बंद झाला. कॉम्प्युटर आले, आमचं काम संपलं आणि खिळे पोत्यांत भरून भंगारात गेले. पण चिमटीचा जीव त्यांच्यात अडकला होता. निघताना तिनं प्रत्येक अक्षराचा एकेक खिळा उचलला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणला. त्यात 'ढ'ही होता, काकांनी नावाजलेला, कडेला झिजलेला. म्हणजे माझं माहेरच की! ते तिच्या पलंगाखाली, डब्यात. मी तिच्या हाडात. आमच्यात काही हातांचं अंतर होतं आणि भेट होणार नव्हती.

पुढे तिचं लग्न झालं, डबाही तिच्याबरोबर सासरी आला. नवरा बस चालवायचा, सकाळी लवकर जायचा, स्वभावानं शांत. चार वर्षांनी तिला दिवस गेले.

मित्रांनो, इथे मी जरा थांबतो.

पोटातल्या बाळाला हाडं बांधायला कॅल्शियम लागतं. आईच्या खाण्यातून पुरेसं मिळालं तर ठीक, नाहीतर आईची हाडं आपल्यातलं काढून देतात. आईची हाडंच ती, हिशेब कुठला ठेवतात! तपासणीच्या नर्सनं चिमटीला दोन वेळा दूध सांगितलं होतं. ती मान हलवायची, घरी येऊन पेला नवऱ्याच्या हातात द्यायची. दूध नाही तर दुसरं काय खावं, हे तिनं विचारलं नाही आणि नर्सनं सांगितलं नाही. छापखान्यात त्या दुधानं तिला वाचवलं नव्हतं. आता मात्र त्याची खरी गरज होती. पोटभर कॅल्शियम मिळालं असतं तर तिची हाडं इतकी झिजली नसती आणि कदाचित मी माझ्या जागी पडून राहिलो असतो. काकांची किटली आता हवी होती.

एके दिवशी माझ्याभोवतीचं बांधकाम सैल झालं. बारा वर्षांनी मी सुटलो! पुन्हा रक्त, पुन्हा ती ऊब, ती वर्दळ. मला इतका आनंद झाला की कुठे चाललोय हे मी विचारलंच नाही. समोर वार आली. वार म्हणजे आई आणि बाळ यांच्यामधला दुवा. बाळाला हवं ते ती आत घेते. मला वाटलं, इथे तरी कुणी मला ओळखेल आणि मागे फिरवेल. मी कॅल्शियमच्या घोळक्यात होतो. तिनं सगळ्यांना आत घेतलं.

माझ्याबरोबर आणखी दोघं होते. ते डोक्याकडे गेले. त्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मी खालच्या हिरडीत, जिथे जन्माआधीच पुढचा दात तयार होत होता, तिथे बसलो.

मुलगी झाली. इवलीशी, म्हणून आईनं तिला ठिपकी म्हणायला सुरुवात केली. सहा-सात महिन्यांनी मी तिच्या हिरडीतून वर आलो आणि इतक्या वर्षांनी पुन्हा उजेड पाहिला. अगदी पुढच्या रांगेतली जागा! ठिपकी हसली की मला अख्खी खोली दिसायची. खिडकीतलं झाड दिसायचं, बाबाची टोपी दिसायची आणि मुख्य म्हणजे चिमटीचा चेहरा दिसायचा. इतकी वर्षं जिच्या हाडात राहिलो, ती दिसते कशी हे मला तेव्हा नीट कळलं. डाव्या गालावर खळी होती तिला.

ठिपकी शाळेत गेली तेव्हा अक्षरं तिच्या डोक्यात ठरेनात. आज शिकवलेलं उद्या पुसलेलं. वर्गातली पोरं तिला 'ढ' म्हणू लागली. एकदा ती रडत घरी आली आणि आईला विचारलं की ढ म्हणजे काय. चिमटीला ते फार लागलं. जिनं वर्षानुवर्षं अक्षरं जुळवली, तिच्या पोटच्या पोरीला अक्षर येऊ नये? ती तडक उठली, पलंगाखालचा डबा ओढला आणि झाकण उघडून म्हणाली की ढ म्हणजे हा बघ, माझ्या काकांचा लाडका.

खिळा हातात घ्यायचा, अक्षरावरून बोट फिरवायचं, मग वहीत लिहायचं. अभ्यास असा रोज संध्याकाळी सुरू झाला. ठिपकीला तो खेळ वाटला. 'ढ' तर तिनं फ्रॉकच्या खिशातच ठेवला. विचार करायची वेळ आली की ती तो गोळीसारखा तोंडात टाकायची आणि या गालातून त्या गालात फिरवायची. माझं माहेर माझ्यावर येऊन आपटायचं, टक् टक्! दोनेक आठवडे मला वाटलं की आता मी एकटा नाही. मग भानावर आलो. तिच्या लाळेत विरघळून माझे भाऊबंद घोटाघोटानं खाली चालले होते. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. पण दाताचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? दात दुखला तरच लोक त्याचं ऐकतात, आणि मला दुखवताही येत नव्हतं.

नवल म्हणजे ठिपकी भराभर लिहू लागली. पानंच्या पानं. चिमटी वही वाचायची आणि हरखून जायची.

एके दिवशी वर्गातल्या बाईंनी चिमटीला बोलावून घेतलं. ठिपकीची वही पुढे सरकवली. चिमटीनं वही चाळली. मुलीचं कौतुक तिच्या तोंडावर मावत नव्हतं. "बरोबर तर लिहिलंय. एक चूक नाही," ती म्हणाली.

बाईंनी शांतपणे पेन्सिल घेतली आणि ठिपकीच्या 'ढ'शेजारी एक 'ढ' काढला. मग दोन्हीकडे बोट दाखवलं. चिमटीनं दोन्ही ताडून पाहिले. अक्षर न् अक्षर उलटं होतं. पोरगी खिळ्यांवरून शिकली होती आणि उलटं वाचायला सरावलेल्या आईच्या डोळ्यांना ते उलटं आहे हे दिसलंच नव्हतं. चिमटी ओशाळली, मग हसू आवरेना, आणि बाईही हसू लागल्या. हसून झाल्यावर बाई म्हणाल्या की उलटं लिहिणं चार दिवसांत सरळ होईल, पण पोरीचं पोट रोज दुखतं, रंग उडालाय, वर्गात बाकावर डोकं टेकून झोपते. तिला आधी डॉक्टरकडे न्या.

डॉक्टरबाईंनी ठिपकीला आ करायला सांगितलं, तेव्हा त्यांचा चष्मा मला अगदी जवळून दिसला. त्यांनी विचारलं की ही तोंडात काय काय घालते. चिमटीनं हसत हसत मुलीच्या खिशातून 'ढ' काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी तो कागदात गुंडाळला आणि पहिलं काम काय केलं, तर कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन साबणानं हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून. चिमटी ते बघत होती. नऊ वर्षं ती शिशात राबली होती, पण हात धुवायला कुणी तिला कधी नळापर्यंत पाठवलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी मायलेकी दोघींच्या दंडातून रक्त घेतलं.

आठवड्यानं निकाल आला. दोघींच्याही रक्तात शिसं होतं, ठिपकीच्या जास्त. चिमटीच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते काकांचंच. तिनं विचारलं, दूध वाढवू का? डॉक्टरबाईंनी तिला बसवून सगळं नीट सांगितलं. दूध चांगलं, पोट भरलेलं असावं, लोह मिळेल असं खाणं द्यावं. पण आत गेलेलं शिसं दूध धुऊन काढत नाही. आधी येणारं बंद करायचं. औषधाची वेळ आलेली नाही, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू. अभ्यासावर किती परिणाम झालाय ते आज सांगता येणार नाही, तिच्याशी बोलत राहा, तिला वाचून दाखवत राहा.

चिमटी उठली नाही. तिनं विचारलं, "मी तर बारा वर्षांत खिळे जुळवले नाहीत. माझ्यात कुठून आलं?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हाडांतून. तिथे ते वर्षानुवर्षं राहतं. थोडं पोरीच्या हातात खिळे दिलेत तेव्हाचं असेल, पण हाडांतलं हळूहळू सुटत असतं."

"मग ही पोटात असताना..."

"थोडं गेलं असणार. दुधाच्या दातांतसुद्धा सापडतं. तुम्हाला माहीत नव्हतं, बाई."

अंगात शिरल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याबद्दल बोललं. मी किती दिवस याची वाट पाहिली होती! आणि ज्या क्षणी ते घडलं, त्या क्षणी समोर चिमटीचा चेहरा होता. मला वाटलं, आपण कधीच सापडलो नसतो तर बरं.

घरी येऊन तिनं डब्याचं झाकण चिकटपट्टीनं बंद केलं. धोकादायक कचरा घेतात ते ठिकाण डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, तिथे नवरा डबा देऊन आला. पलंगाखालची जागा तिनं ओल्या फडक्यानं तीनदा पुसली. माझं माहेर असं गेलं. निरोप घ्यायला मी तोंडाबाहेर तरी आलो होतो का?

तीन महिन्यांनी ठिपकीचा आकडा बराच खाली आला. पोट दुखायचं थांबलं, गालांवर रंग आला, 'ढ' सुलटा झाला. वाचायला अजून वेळ लागतो. आई शेजारी बसून ओळीखाली बोट धरते आणि घाई करत नाही.

मग एका सकाळी सफरचंद खाताना मी निखळलो. ठिपकीनं दात तळहातावर घेतला आणि धावत आईकडे गेली. चिमटी ओट्यापाशी उभी होती, हातात दुधाचा पेला. हो, ती पुन्हा पिऊ लागलीय, नाक दाबून का होईना. तिनं दात घेतला, उजेडात धरला. ती इतका वेळ बघत राहिली की ठिपकी कंटाळली आणि म्हणाली, टाकून द्यायचा का?

"नको," चिमटी म्हणाली. "दात तुझा आहे, पण यात थोडं माझ्या हाडातलं आलंय. यायला नको होतं."

"मग परत घे," ठिपकी म्हणाली.

चिमटीनं तिला पोटाशी धरलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले, मलमाची डबी शोधली, कापूस घातला आणि मला त्यात ठेवलं. झाकण लावता लावता तिनं रोजच्यासारखं सांगितलं, "चल, आधी हात धू. मीही धुते."

मित्रांनो, झाकणाखालून मला नळाचा आवाज ऐकू आला. दोघींचे हात एकाच साबणानं धुतले जात होते, ठिपकी मुद्दाम जास्त फेस काढत होती. तो आवाज मी आता दिवसातून कितीतरी वेळा ऐकतो. जेवणाआधी, शाळेतून आल्यावर, बाबा कामावरून आल्यावर. कधी कधी ठिपकी खुर्चीवर चढून डबी हलवून बघते, पण उघडत नाही.

तुम्हाला माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरातही कुणीतरी रंगाचं, बॅटरीचं, तारा-भांड्यांना डाख द्यायचं, जुन्या धातूचं काम करून येत असेल. ते आल्यावर गळ्यात पडा, पण आधी त्यांना नळापाशी न्या. त्यांचे कामाचे कपडे वेगळे ठेवा. रिकाम्या पोटी घराबाहेर पडू नका. जुनी खेळणी, जुना रंग, जुना धातू तोंडात घालू नका, कितीही लाडका असला तरी. आतल्या वाटांना आम्हाला ओळखता येत नाही. ते काम बाहेरच, तुमच्या हातांनीच करायचं असतं.

मी आयुष्यभर सोबतीसाठी झुरलो. खणात, हाडात, दातात. पण आता या डबीत पडल्या पडल्या नळ सुरू झाला की मी मोजतो, आज आमच्यातलं कुणी आत आलं नाही, आजही नाही. तुम्हीही तेवढं करा. मला एकटंच राहू द्या.